निहाली : मजुरांची एक भाषा



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, असे धरून श्रोते येतात. त्या विषयांवर आम्ही कारखान्यांच्या दारांत वर्षभर बोलतच असतो. या वेळी मी चालकांना विषय कळवला तो ‘निहाली भाषा’ असा. तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी मला दोन प्रश्न विचारले. ही भाषा बोलतात कोठे? आणि तुमचा तिच्याशी संबंध काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आजचे माझे भाषण म्हणजे या दोन प्रश्नांचे उत्तर आहे.

मी भाषापंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते पाळ्या सांभाळून, आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी बसून झाले. परंतु माझ्या आयुष्याची तीस वर्षे मजुरांची हजेरी, मजुरी, फरक आणि थकबाकी तपासण्यात गेली आहेत. त्यामुळे भाषेकडेही मी हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने पाहतो. कोणी कोणाकडून काय घेतले, कोणाच्या हिशेबी काय शिल्लक राहिले, आणि कोणाचे नाव पटावरून गळाले, एवढेच मी विचारतो.

प्रथम ठिकाण सांगतो. नाशिकरोडहून नागपूरच्या गाडीत बसावे, मनमाड, जळगाव, भुसावळ, मलकापूर ही स्थानके मागे टाकावीत आणि नांदुऱ्याला उतरावे. तेथून उत्तरेकडे, पूर्णा नदी ओलांडून गेले की बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका लागतो. खानदेशातले जळगाव ते निराळे, हे निराळे. काळी कपाशीची जमीन येथे संपते आणि सातपुडा वर चढू लागतो. या पायथ्याच्या पट्ट्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली अशा काही गावांतून निहाल समाजाची वस्ती आहे. मध्यप्रदेशात बऱ्हाणपूरच्या बाजूसही ती होती व आहे. १९९१ च्या सुमारास अभ्यासकांनी धरलेला अंदाज असा की समाज पाचएक हजारांचा आणि त्यांतले भाषा बोलणारे दोनएक हजार. आपल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या तीन पाळ्या एकत्र केल्या तर एवढी माणसे भरतील.

आता ही भाषा म्हणजे मराठीची एखादी बोली असावी, असे कोणासही वाटेल. वऱ्हाडी जशी, अहिराणी जशी, तशी ही. पण तसे नाही. पाण्याला मराठीत आपण ‘पाणी’ म्हणतो. निहालांचे शेजारी कोरकू. ते ‘डा’ म्हणतात. पलीकडे गोंडी लोक ‘एर’ किंवा ‘येर’ म्हणतात. निहाल म्हणतात ‘जोप्पो’. विस्तवाला कोरकू ‘सिंगल’ म्हणतात, निहाल ‘आपो’ म्हणतात. डोळ्याला कोरकू ‘मेड’, निहाल ‘जिकी’. पाणी, विस्तव, डोळा हे शब्द बाजारात विकत मिळणारे नव्हेत. ते आईच्या तोंडून येतात. आणि निहालांच्या आईने हे शब्द कोठून आणले, ते आजवर कोणास सापडलेले नाही.

भारतातल्या बहुतेक भाषांची घराणी ठरलेली आहेत. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली हे एक घराणे. त्याला आर्य म्हणतात. कन्नड, तेलुगू, तमिळ, गोंडी, कोलामी हे दुसरे, ते द्राविड. कोरकूचे घराणे तिसरे. तिचे सख्खे नातलग दूर झारखंडाकडे आहेत. मुंडारी, संथाळी या तिच्या बहिणी. या तिसऱ्या घराण्यातली कोरकू ही सर्वांत पश्चिमेकडची. ईशान्येकडे चौथे घराणे तिबेटी-बर्मी भाषांचे. निहाली या चारांपैकी कोणत्याच घरात बसत नाही. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर बास्क आहे, हुंझाच्या खोऱ्यात बुरुशस्की आहे, जपानात ऐनू होती. जगात अशा एकाकी भाषा मोजक्याच. त्यांतली एक आपल्या महाराष्ट्रात, कपाशीच्या शेतांच्या बांधावर आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल.

हे कळावयास विद्वानांनाही वेळ लागला. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने निहालीची, म्हणजे त्याच्या लिहिण्याप्रमाणे ‘नहाली’ची, नोंद केली आणि तिला कोरकूच्या पदरी घातले. ही मुळात कोरकूसारखी भाषा, तिच्यावर द्राविडांचा आणि मग आर्य भाषांचा थर चढला, असा त्याचा निष्कर्ष. १९४० च्या सुमारास रॉबर्ट शेफर या अमेरिकन अभ्यासकाने तोच नमुना पुन्हा तपासून शंका काढली. १९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून टिपून घेतलेले शब्द प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारावर लायडनचे संस्कृतचे प्राध्यापक कॉयपर यांनी १९६२ मध्ये निहालीवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यांनी एकेक शब्द हातात घेऊन हा कोठला, तो कोठला, अशी वाटणी केली. कोरकूसारखे शब्द सर्वांत जास्त निघाले, काही द्राविड निघाले, पुष्कळ हिंदी-मराठीचे निघाले. आणि सुमारे चौथा हिस्सा कोणाच्याच नावावर चढेना. पुढे पुण्याच्या आशा मुंडले यांनी १९९६ मध्ये निहालीचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, डॉ. के. एस. नागराज यांचे निहालीवरचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ मध्ये काढले, आणि डॉ. शैलेंद्र मोहन यांनी ही भाषा ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम केले.

चार हिश्शांतले तीन उसने आणि एक स्वतःचा, हे ऐकून कोणी म्हणेल, मग ही कसली भाषा? ही तर खिचडी. अशा गृहस्थांना मी आमच्या चळवळीतले शब्द दाखवतो. ‘मजूर’ हा शब्द फारशी. ‘मालक’ अरबी, ‘हजेरी’ अरबी, ‘मुकादम’ अरबी. ‘पगार’ पोर्तुगीज. ‘बोनस’, ‘नोटीस’, ‘युनियन’ हे इंग्रजांचे. हे सगळे काढून घेतले तर मराठी कामगाराला आपले गाऱ्हाणे सांगता येणार नाही. पण म्हणून मराठी कोणी खिचडी ठरवत नाही. शब्द बहुधा धन्याबरोबर येतात. ज्याने राज्य केले, ज्याने कामाला लावले, ज्याने हिशेब ठेवला, त्याचे शब्द राबणाऱ्याच्या तोंडी बसतात. तेव्हा एखाद्या भाषेतले उसने शब्द म्हणजे त्या लोकांनी कोणाकोणाकडे चाकरी केली याचे जुने पगारपत्रकच होय.

निहाली त्या दृष्टीने पाहा. तिच्यात कोरकू शब्द सर्वांत जास्त, कारण निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबत आले आणि सामाजिक पायरीनेही त्यांच्या खाली गणले गेले. कोरकू स्वतः गरीब, डोंगराळ भागातले, सावकाराने आणि जंगलखात्याने गांजलेले. त्या गरिबाच्याही पदरचा मजूर तो निहाल. मजुरांतला मजूर कसा असतो हे आपल्या संघटनांनी कंत्राटदाराच्या हाताखालच्या उपकंत्राटदाराकडे पुष्कळदा पाहिले आहे.

आता मी आपणांस एक गोष्ट करावयास सांगतो. उजवा हात पुढे धरा आणि करंगळीपासून बोटे मोजा. निहालीत पहिले बोट ‘बिडुम’. हे त्यांचे स्वतःचे. दुसरे ‘इरार’, तिसरे ‘मोथो’, चौथे ‘नालो’. ज्यांना कन्नड किंवा तमिळ थोडी ठाऊक असेल त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील; कन्नडात ‘एरडु’, ‘मूरु’, ‘नाल्कु’ म्हणतात. म्हणजे फार जुन्या काळी निहालांचा कोणा द्राविड लोकांशी देवघेवीचा संबंध आला असला पाहिजे. चार बोटे झाली. उरला अंगठा. पाचापासून पुढे निहालीत स्वतःचा आकडा नाही. तेथून हिंदी-मराठीचे आकडे सुरू होतात.

मोजणी ही बाजाराची आणि मजुरीची वस्तू आहे. घरात माणूस फार मोजत नाही. मुले किती, बैल किती, भाकरी किती, एवढ्यास चार-पाच आकडे पुरतात. पाचाच्या पुढची मोजणी सुरू होते ती पायलीने धान्य घेताना, दिवसाचे रोज लावताना, उचल फिटली की नाही हे पाहताना. आणि ती मोजणी करणारा नेहमी समोरचा असतो. वही त्याची, तराजू त्याचा, आकडेही त्याचेच. मस्टरवर जो अंगठा उठतो, त्याच अंगठ्याला निहालीत स्वतःचा आकडा नाही. याला मी कविकल्पना म्हणत नाही. माझ्या मते हा भाषेत उतरलेला इतिहास आहे.

हे निहालांपुरतेच असते तर मी त्यावर एवढा जोर दिला नसता. परंतु येथून हजारो मैलांवर, आफ्रिकेच्या वाळवंटात, नेमकी हीच गोष्ट आढळते. इजिप्तच्या पश्चिम टोकास, लिबियाच्या सीमेपासून पन्नासेक किलोमीटरवर, सिवा नावाचे मरूद्यान आहे. चहूकडे वाळू, आणि मध्ये गोड्या पाण्याचे झरे, खजूर आणि ऑलिव्हच्या बागा. शिकंदर बादशहा ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये तेथल्या आमोन देवाचा कौल घ्यावयास गेला होता, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव असते. तेथले लोक सिवी बोलतात. ती अरबी नव्हे. उत्तर आफ्रिकेतले मूळचे जे लोक, ज्यांना बाहेरचे बर्बर म्हणतात आणि जे स्वतःस अमाझिग म्हणवतात, त्यांच्या भाषांपैकी ती सर्वांत पूर्वेकडची. बोलणारे पंधरा-वीस हजार; आणि तिच्या जवळची भाषा शोधावयाची तर शेकडो किलोमीटर वाळवंट ओलांडून लिबियात जावे लागते.

या सिव्यातही बागा मालकांच्या आणि कष्ट दुसऱ्यांचे. बागांत राबणारे आणि राखण करणारे अविवाहित तरुण असत. त्यांना ‘झग्गाला’ म्हणत. त्यांनी तटाच्या आत गावात राहावयाचे नाही, बागेतच झोपावयाचे, अशी जुनी रीत होती. आणि सिवी भाषेतले आकडे पाहावे तर एक आणि दोन एवढेच अमाझिग घराण्यातले उरले आहेत. तीनपासून पुढे सगळे अरबी. लमीन सुआग नावाच्या अभ्यासकाने सिवीवर अरबीचा काय परिणाम झाला याचा मोठा ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध केला, त्यात ही हकीकत आहे. खजुराचे व्यापारी अरबी बोलत, कर घेणारे अरबी बोलत. मोजणी त्यांच्या भाषेत झाली. सिव्यात दोन बोटे घरची, निहालीत चार; बाकीचा हात दोघांचाही बाजाराने घेतला.

पण एक प्रश्न उरतो. सिवी टिकली ती वाळूमुळे. समुद्रकाठच्या मर्सा मत्रूहपासून तीनेकशे किलोमीटर वाळवंट आहे आणि १९८० नंतरच्या दशकात डांबरी सडक होईपर्यंत तेथे सहजासहजी कोणी जात नव्हते. निहालांभोवती तर वाळू नाही. बाजाराचे गाव हाकेच्या अंतरावर, शेजारी कोरकू, खाली कुणबी, मराठी शाळा, हिंदी सिनेमा. मग ही दोन हजारांची भाषा इतकी शतके टिकली कशी?

माझे उत्तर असे की त्यांच्याभोवतीची वाळू माणसांनीच घातलेली होती. खालचा म्हणून ज्याला बाजूस बसवले जाते त्याची पंगत वेगळी, वस्ती वेगळी, सोयरीक वेगळी; मग त्याची भाषाही वेगळी राहते. अपमानाने का होईना, कुंपण पडले. आणि त्या कुंपणाच्या आत भाषेचा एक उपयोग होता. निहाल दुभाषी असतात, कोरकू त्यांना येते. परंतु समोरच्याला कळू नये असे काही आपसांत बोलावयाचे असले म्हणजे ते निहालीत बोलत, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे.

येथे मला थोडे तिखट बोलावयाचे आहे. निहालांविषयी जुन्या साहेबी दप्तरांत लुटारू, रानटी अशी विशेषणे आढळतात. पुढे कॉयपर यांनीही, मोठ्या सावधपणाने का होईना, एक शक्यता मांडली की निहालीत जे अनोळखी शब्द आहेत त्यांतले काही चोरट्यांच्या सांकेतिक बोलीसारखे मुद्दाम बनवलेले असू शकतील. विद्वानाने शंका काढावी, तो त्याचा धर्मच आहे. पण शंका खाली झिरपत येते तेव्हा ती शंका राहत नाही, तिचा शिक्का होतो. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा जावयास १९५२ साल उजाडावे लागले, त्या देशात ‘चोरांची भाषा’ हे शब्द किती स्वस्तात वापरले जातात, हे मी सांगावयास नको.

गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. त्याला आपण व्यापारी हुशारी म्हणतो. पेढीवर दोन भागीदार गिऱ्हाइकासमोर आपल्या खुणेच्या शब्दांत बोलतात, ते चातुर्य. कारखान्याचे दोन अधिकारी कामगारांसमोर इंग्रजीत कुजबुजतात; ती सभ्यता. मग दिवसभर दुसऱ्याच्या शेतात वाकून काम करणारी बाई आपल्या सोबतिणीला आपल्या भाषेत ‘आज रोज कमी लावला’ असे म्हणाली, तर ती चोरबोली कशी? प्रत्येक कामाच्या जागी मालकाच्या कानाआड बोलण्याची एक जागा मजूर राखून ठेवतात. आमची पहिली युनियन तेथेच जन्मते. निहालांनी ती जागा एका सबंध भाषेत राखली. शिवाय ‘पाणी’ आणि ‘विस्तव’ हे शब्द कोणी चोरी लपवण्यासाठी बनवीत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. माझा संबंध काय? माझा संबंध पटाशी आहे. ज्याचे नाव पटावर नाही तो कामावर होता हे सिद्ध करताना आमची वर्षे जातात. निहालांचे नाव पटावर कोठे आहे ते पाहा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हे नाव आहे, पण ते ‘कोरकू’ या नोंदीच्या पोटात. म्हणजे जमात म्हणून स्वतंत्र खाते नाही. भाषेचे तर त्याहून वाईट. १९६१ च्या जनगणनेने लोकांनी सांगितलेल्या १,६५२ मातृभाषांची यादी छापली होती. १९७१ पासून धोरण असे झाले की सबंध देशात दहा हजारांहून कमी लोक बोलत असतील त्या भाषेचे नाव स्वतंत्र छापावयाचे नाही. तिला ‘इतर’ या रकान्यात टाकावयाचे. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ भरली. छाननी होऊन छापलेल्या तक्त्यात भाषा राहिल्या १२१. कोरकू त्यांत आहे, सात लाखांवर बोलणारे आहेत. दोन हजारांची निहाली त्यांत असणे शक्यच नव्हते.

१९७१ साल आम्हा कामगार कार्यकर्त्यांनाही आठवते. त्याच साली महाराष्ट्रात युनियनच्या मान्यतेचा कायदा झाला आणि मान्यतेसाठी तीस टक्के सभासदत्वाची अट आली. त्या अटीवर आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. परंतु त्या कायद्यानेदेखील असे म्हटले नाही की लहान युनियनचे सभासद हे कामगारच नव्हेत. वाटाघाटीच्या टेबलाशी खुर्ची मिळाली नाही, तरी हजेरीपटावर त्यांची नावे राहिली. लहान भाषेच्या वाट्याला तेवढेही आले नाही. दहा हजारांची रेघ ओढली आणि रेघेखालच्यांची नावेच पुसली. जी भाषा मोजली जात नाही तिच्यासाठी पुस्तक निघत नाही, शिक्षक नेमला जात नाही, आणि पुढच्या वेळी ती आणखी कमी भरते.

हे दूरच्या बुलढाण्याचे दुखणे आहे असे समजू नका. आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याचे कोकणा आणि वारली बांधव द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. त्यांच्या भाषा जनगणनेत ‘भिली’ या मोठ्या गाठोड्यात बांधल्या जातात. बागेच्या बांधावर मी पाहिले आहे. मुलगा बापाला आपल्या बोलीत काही विचारतो, पण मुकादम जवळ उभा असला तर बाप उत्तर मराठीत देतो. बापाला कोणी तसा हुकूम केलेला नसतो. पण मुलगा त्या एका उत्तरावरून शिकतो की आपली भाषा चार माणसांत बोलावयाची नाही. भाषा मरते ती बहुधा अशी, बंदी न घालता. नुसते शब्द उसने घेतल्याने ती मरत नाही. तसे असते तर मराठी केव्हाच गेली असती.

आणि आपण मराठी लोकही फार निवांत राहू नये. शहरात जन्मलेले आपले मूल फोनचा नंबर कोणत्या भाषेत सांगते ते ऐका. पगाराची पावती कोणत्या भाषेत निघते ते पाहा. पाचाच्या पुढची बोटे कोणी घेतली हा प्रश्न निहालांना विचारताना एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलेले बरे.

मग करावे काय? मी कार्यकर्ता आहे, तेव्हा मागणीपत्र दिल्याशिवाय मला बोलणे संपवता येत नाही. माझ्या मागण्या तीन.

पहिली कामाची. भाषा वाचवा असे म्हणण्याआधी ती बोलणाऱ्यांना आपल्या गावात राहता येईल एवढे काम द्या. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. त्या कायद्याचे मर्म हेच होते की मागेल त्याला त्याच्या मुलखात काम. सहा महिने कुटुंब परगावी गेले, म्हातारी एकटी मागे राहिली, तर नातवंडाला ‘जोप्पो’ हा शब्द शिकवणार कोण? कामाचा ठिकाणा आणि भाषेचा ठिकाणा हे दोन नाहीत.

दुसरी मागणी शाळेची व फलकाची. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ हे कलम घातले गेले; अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. दोन हजारांसाठी सबंध शाळा मी मागत नाही. पहिल्या दोन इयत्तांत गुरुजींनी मुलाच्या तोंडचा शब्द चूक म्हणून खोडू नये, आणि त्यांच्याच आजीकडून चार गोष्टी वर्गात सांगवून घ्याव्यात, एवढे आज होऊ शकते. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात असे कलम होते की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात. ‘बहुसंख्य’ या शब्दावर आम्ही कधी फारसे अडलो नाही. आता अडावे. यंत्रात सापडणारा हात बहुसंख्यांचाच असतो असे नाही.

तिसरी मागणी मोजणीची, आणि ही आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातची आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही; २०२७ ची जाहीर झाली आहे. मोजणीदार बहुधा आपलेच शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक असतात, आणि त्यांतले कित्येक आमच्या संघटनांचे सभासद आहेत. त्यांना माझी विनंती आहे. मातृभाषेच्या रकान्यापाशी आलात म्हणजे घाई करू नका. वस्तीवरचा माणूस संकोचाने ‘मराठी लिहा’ म्हणाला, तर एकदा विचारा की बाबा, घरात काय बोलता? तो जे सांगेल ते जसेच्या तसे लिहा. पुढे दिल्लीच्या तक्त्यात त्याचे ‘इतर’ करतील तर करोत. त्याविरुद्ध मागणी करता येईल, भांडता येईल. पण ज्या कागदावर मूळ नोंदच नाही त्यावर भांडण उभे राहत नाही, हे थकबाकीचे दावे लढवणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्यास ठाऊक आहे.

‘निहाली’ ही तीन अक्षरे आहेत. ती लिहावयास फार शाई लागत नाही, वेळही लागत नाही.